नानांची गुफ्तगू

नानांच्या दारात उभं राहून बोलायची सोय नव्हती. दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, नाना त्याचं कोपर धरायचे, आत ओढायचे आणि म्हणायचे, "तशरीफ ठेवा." तशरीफ ठेवायची ती एकाच ठिकाणी. बैठकीच्या मधोमध एक खुर्ची होती. तिच्या अर्ध्या भागात पाहुणा आणि उरलेल्या अर्ध्यात नाना. मीटरवाल्यानं एकदा सांगून पाहिलं की मीटर जिन्याखाली आहे, मला आत यायचं कामच नाही. नाना म्हणाले, "मीटर कुठं पळून चाललंय?" त्या दिवशी गल्लीतल्या बाकी घरांची मीटरं तशीच राहिली.

तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यात भाड्यानं राहत होतो. नानांची भिंत ती आमची भिंत. मी शाळेत शिकवायचे, दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला असायचा, आणि घरी यावं तर दारात नाना. "बाई, तशरीफ ठेवा." मला लई राग यायचा. पण बसायचे. न बसून सांगता कुणाला?

ही खुर्ची आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दोन खुर्च्या एकमेकींना खेटून ठेवा, पण एकीचं तोंड रस्त्याकडं आणि दुसरीचं स्वयंपाकघराकडं. दोघींच्या मधून एकच पाठ नागमोडी वळत गेलेली. बसणारी दोघं शेजारीही असतात आणि उलट्या दिशांनाही असतात. दोघांचे उजवे खांदे एकमेकांना लागून, आणि मान जराशी वळवली की शेजाऱ्याचं तोंड अगदी जवळ. लाकूड शिसवी, वर वांगी रंगाचं मखमल. तेही बसून बसून विरलेलं. नानांनी तिचं नाव ठेवलं होतं गुफ्तगू. निजामाच्या काळात सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, पुढं महसूल खात्यात जन्म गेला, त्यामुळं नानांच्या मराठीत असे शब्द ठिकठिकाणी बसलेले असायचे. बोलायला बसायची खुर्ची म्हणून गुफ्तगू.

पाहुणा नवा असला की त्याला खुर्चीचा इतिहास ऐकावा लागे. तो नाना सांगायचे तसाच सांगते, खरा किती ते मला विचारू नका.

"विलायतेत बायकांचे घागरे इतके घेरदार, की साध्या खुर्चीत मावेनात. मग सुतारांनी रुंद खुर्ची केली. एक बाई आणि तिचा घागरा, दोघांपुरती. पुढं फॅशन बदलली, घेर कमी झाला. आता खुर्चीत अर्धी जागा रिकामी. ती बघून नवरा येऊन बसला. असा हा मामला."

"आणि ही नागमोडी?"

"ही फ्रान्सची. तिथं पोरापोरींना लग्नाआधी बोलू देत, पण एक मावशी पहाऱ्याला बसायची. बोला, पण अंगाला अंग लागता कामा नये. म्हणून मधी ही पाठ. मावशीला डुलकी लागली तरी लाकूड जागं असतं."

फ्रान्सच्या मावश्यांशी नानांचा घरोबा असल्यासारखं ते बोलायचे. मग फ्रान्सवरून गाडी हैदराबादला यायची. तिथल्या बड्या लोकांनी असल्या खुर्च्या मागवल्या, त्यातली एक इकडं एका जहागीरदारांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात आली. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, आणि देवड्यांमधलं सामान लिलावात निघालं. झुंबरं, आरसे, हुक्के, पलंग, सगळं शहागंजकडं मोकळ्या जागेत मांडून ठेवलेलं. नाना तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, लग्नही नवंच. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना धान्य ठेवायला मोठी पेटी आणायला धाडलं. नाना हातगाड्यावर ही खुर्ची घालून घरी आले.

आबा निजामाच्या राज्यात गिरदावर होते, जमीन-महसुलाचे अंमलदार. गावंच्या गावं त्यांना बघून उठून उभी राहायची, तर घराची काय कथा. ते खुर्चीभोवती फिरले आणि म्हणाले, "ह्या दोघांचं भांडण झालंय काय?"

आता खरी गोष्ट अशी, की त्या घरात नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं खाली सतरंजीवरही बसायचं नाही, उभ्यानं काम करायचं आणि आत जायचं. सिंधूकाकू म्हणजे नानांची बायको, देवगाव रंगारीची मुलगी, शेतावर मोकळी वाढलेली. इथं येऊन तिचं तोंडच शिवलं गेलं होतं. नाना सांगायचे, "लग्न होऊन सहा महिने झाले, तरी मला तिचा आवाज धड ओळखता येत नव्हता. भांड्यांचा आवाज तेवढा ओळखायचो."

तर नानांनी कचेरीत अर्ज मांडावा तसा आबांपुढं मामला मांडला. ह्या खुर्चीत दोघं समोरासमोर बसत नाहीत. शेजारीही म्हणता येत नाही, कारण तोंडं विरुद्ध. एकाचं तोंड रस्त्याकडं, एकाचं चुलीकडं. मधी लाकूड. मग ह्यात बेअदबी कुठं आली?

आबांनी बराच वेळ विचार केला. ज्या माणसानं जन्मभर शेतांच्या हद्दींचे तंटे मिटवले, त्याला मधी लाकूड आहे ही गोष्ट पटली. म्हणाले, "सुनेचं तोंड चुलीकडं राहील ना?"

"राहील."

"मग हरकत नाही. पण ह्या खुर्चीतच. दुसरीकडं नाही."

झालं. त्या संध्याकाळपासून दिवेलागणीनंतर नाना रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि काकू चुलीकडं तोंड करून. काकू आधण येईपर्यंत बसायच्या, मग आधण उशिरा यायला लागलं, मग आबाच म्हणायला लागले की ह्या घरात वरण शिजायला फार वेळ लागतो.

आम्ही राहायला गेलो तेव्हा आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, पण संध्याकाळची गुफ्तगू चालूच होती. भिंतीपलीकडून नानांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि मधूनच काकूंचं हसू. काकू तोंडावर पदर धरून हसायच्या, तरी ऐकू यायचं. आमचे हे पेपर वाचता वाचता मान वर करायचे आणि म्हणायचे, "एवढं काय बोलतात गं ही दोघं?" मी म्हणायचे, "तुम्ही पेपर वाचा."

गल्लीत कुणाचंही बिनसलं की नाना त्यांना गुफ्तगूवर बसवायचे. सासू-सुना बसल्या, भाऊ-भाऊ बसले, एकदा तर भाडेकरू आणि मालक बसले. नानांचा नियम असा, की एकमेकांकडं तोंड केलं की माणूस भांडतो आणि पाठ केली की अबोला धरतो, म्हणून मधली सोय पाहिजे. मी आणि आमचे हे सुद्धा बसलो होतो. माझ्या माहेरच्या, फुलंब्रीच्या लग्नाला जायचं की नाही ह्यावरून आमचं आठवडाभर वाजलेलं होतं. नानांनी आम्हाला बसवलं, बाहेरून कडी घातली आणि निघून गेले. भांडण काही मिटलं नाही, पण दोघांनाही कडी काढायला कुणी येईना म्हणून हसू आलं. लग्नाला गेलो.

दुसरा नियम, गुफ्तगूत एकट्यानं बसायचं नाही. "ती रुसते," म्हणायचे. नाना स्वतः एकटे असले तर बाजूच्या सतरंजीवर बसायचे आणि दाराकडं बघत राहायचे, कुणी सापडतंय का म्हणून.

जुन्या सामानाचे व्यापारी यायचे. मुंबईचा एक तर गाडी घेऊन आला होता, कुठल्याशा हॉटेलात ठेवायला पाहिजे म्हणून. नानांनी त्याला बसवलं, घागऱ्यापासून सगळा इतिहास ऐकवला, चहा पाजला, आणि मग म्हणाले, "द्यायची नाही." तो बिचारा म्हणाला, आधी सांगायचं होतं. नाना म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका दिवाळीनंतर गुफ्तगू बंद पडली.

दिवाळीत काकू कानाला फडकं बांधून हिंडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, सर्दी झालीय. फडकं सुटलं, पण संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येईना. मी डोकावून पाहिलं, तर काकू उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या आणि नाना गुफ्तगूत एकटेच. स्वतःचा नियम मोडून. मला बघून "तशरीफ ठेवा" सुद्धा म्हणाले नाहीत.

गल्ली कुजबुजायला लागली. सगळ्यांची भांडणं मिटवणाऱ्याच्या घरात अबोला, म्हणजे चघळायला चांगलाच विषय. मी काकूंना आडून विचारलं. त्या नुसत्या हसल्या आणि मान हलवली. हल्ली त्या सगळ्यालाच तसं करायच्या. मला वाटलं, मनात काहीतरी ठेवून बसल्यात. मग सरळ म्हणाले, "काकू, बसा की जरा गुफ्तगूवर, नाना वाट बघतात." त्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "नको गं. त्यांनी बोलायचं आणि मी नुसतं बसायचं, बरं दिसत नाय ते."

आता ह्यावरून काय समजायचं? मी समजले की नानांनी काहीतरी वेडंवाकडं केलं असणार. नानांना गाठून विचारलं. "मामला नाजूक आहे," एवढंच बोलले. मग म्हणाले, "बाई, तुमची लुना रिकामी आहे का? जुन्या बाजारात रशीदभाईकडं जायचंय. उलटी गुफ्तगू करून घ्यायचीय."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे हिच्या उलटी."

नाना माझ्या लुनावर एका बाजूला पाय सोडून बसले, काळी टोपी एका हातानं धरून आणि दुसऱ्या हातानं माझ्या शाळेची पर्स धरून. गुलमंडीवर माझ्या वर्गातल्या दोन मुली दिसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

रशीदभाई सुतार. नानांच्या लिलावातल्या खुर्चीचे पाय, स्प्रिंगा, मखमल, सगळी डागडुजी त्यांनीच केलेली. त्या खुर्चीवर त्यांचा कितीतरी वर्षं डोळा होता. नाना म्हणाले, तसलीच पण उलटी करून द्या, बदल्यात जुनी तुमची. रशीदभाईंच्या हातातला रंधा थांबला. ते म्हणाले, "नाना, तबियत ठीक है ना?"

मला राग आला, खरंच सांगते. जी खुर्ची मुंबईच्या गाडीवाल्याला दिली नाही, आबांसमोर भांडून जी घरात ठेवली, ती अशी देऊन टाकायची? आणि बायको अबोला धरून बसलेली असताना ह्यांना खुर्चीची हौस? मी येताना वाटभर बोलले. लुनाच्या आवाजात नानांना ऐकू आलं नसावं, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

महिनाभरानं रशीदभाईंचा निरोप आला. आम्ही परत गेलो. नवी खुर्ची दुकानासमोर फळीवर मांडून ठेवली होती. नाना बसले, मला शेजारी बसवलं, आणि लगेच उठले.

"ही तर तीच आहे."

"हौ, तीच. पुठ्ठ्यावर फर्मा काढून केली, एक सूत इधर का उधर नै."

"मी उलटी म्हणालो होतो."

"तो घुमा के रखो ना. उलटी हो जाती."

रशीदभाईंनी आणि मी ती उचलून फिरवली. नाना परत बसले. मी बसले. पुन्हा उजव्या खांद्याला उजवा खांदा. मग रशीदभाई म्हणाले, जागा बदला. आम्ही जागा बदलल्या. उजव्याला उजवाच. रशीदभाईंना हे पटेना. त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. मग समोरच्या चहावाल्याला बोलावून बसवलं, मग खुर्ची आडवी लावली, मग तिरपी. रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. कसंही बसा, दोघांचे उजवेच खांदे जवळ.

रशीदभाईंना घाम फुटला आणि मग ते चिडले. "नाना, इत्ते साल से लोगां सीधी पे बैठ रैं. तुमकू उलटी काय को होना?"

नानांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "बाई, तशरीफ ठेवा." मी बसले. "उजव्या कानात बोट घाला. घट्ट."

मी घातलं. नानांनी माझ्याकडं मान वळवली आणि काहीतरी बोलले, रोज संध्याकाळी भिंतीपलीकडं बोलायचे तसल्या आवाजात. बाजारात हातोडे चालले होते, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. नानांच्या पांढऱ्या मिशा तेवढ्या हलताना दिसल्या.

"काय म्हणालो?"

"नाही कळलं."

"तिलाही नाय कळत," नाना म्हणाले. "दिवाळीत कान फुटला. डॉक्टर म्हणाले, हा गेला, डावा शाबूत आहे."

मी कानातलं बोट काढायचं विसरले. काकू नुसत्या हसायच्या, मान हलवायच्या, आणि मी काय काय समजले होते. रशीदभाई खाली बघून हातातली पटाशी पुसत राहिले.

माझा स्वभाव मेला असा, की वाईट वाटलं तरी वाद घालायचा. म्हणाले, "मग मोठ्यानं बोला की नाना."

"बोलतो ना. गॅस आला, दूध उतू चाललं, पोरीचं पत्र आलं, सगळं ओरडून सांगतो. बाकीचं ओरडून सांगता येत नाय."

"मग बाक टाका. तुम्ही त्यांच्या डावीकडं बसा."

नाना हसले. "बाकावर ती बसत नाय. आजसुद्धा नाय. आबांनी ह्या खुर्चीपुरती परवानगी दिलेली. आबा गेले, पण तिच्या लेखी हुकूम तोच आहे. मी लई सांगून पाहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिनं कुणाला सांगू दिलं नाय. लोक बहिरी म्हणतील म्हणून. मला काय, बाई, मी दिवसभर सगळ्या गल्लीशी बोलतो. पण संध्याकाळी तिला काही सांगितलं नाय, तर दिवसभर बोललो ते कशासाठी तेच कळंना झालंय."

रशीदभाई उठले. भिंतीला टेकवलेला पुठ्ठ्याचा फर्मा त्यांनी घेतला, त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, आणि तो पालथा करून फळीवर ठेवला. नागमोडी वळण उलट दिशेला गेलं. "या अल्ला," ते म्हणाले, "इत्तीसी बात." आणि नानांना म्हणाले, "जाव तुम. जुम्मे के बाद भेजता."

उलटी गुफ्तगू हातगाड्यावरून आली. शिसव कुठून मिळणार, साधं सागवान होतं. मखमलही संपलं होतं म्हणून रशीदभाईंनी हिरवंगार रेक्झिन मारलं होतं, बसलं की करकर वाजणारं. दिसायला ती अजिबात चांगली नव्हती. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

त्याच गाड्यावर जुनी चढवली. नानांनी विरलेल्या मखमलावरून एकदा हात फिरवला. "खुदा हाफिज," म्हणाले, आणि गाडा कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभे राहिले. रशीदभाई गाड्यामागं चालता चालता ओरडले, "बेचता नै नाना, दुकान में रखता. आके बैठते जाव."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. हिरव्या खुर्चीभोवती एक फेरी मारली, आबांनी मारली असेल तशी. मला तिथं उभी बघून जरा अवघडल्या. मग मोठ्यानं नानांना विचारलं, "ह्यात चुलीकडचं तोंड कंचं?"

नानांनी बोटानं दाखवलं. काकूंनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि बसल्या. रेक्झिन करकरलं. नाना आपल्या बाजूला बसले, रस्त्याकडं तोंड करून. डाव्या खांद्याला डावा खांदा. त्यांनी मान वळवली आणि काहीतरी बोलले. किती वेळ बोलले सांगता येत नाही, काकूंच्या चेहऱ्याकडंच माझं लक्ष होतं. आधी त्या चुलीकडं बघत होत्या. मग त्यांनी नानांकडं तोंड वळवलं. मग पदर तोंडावर गेला.

मी घाईघाईनं निघाले. दार ओढून घेत होते तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"हळू बोला की. गल्लीला ऐकू जाईल."